माळ्यावरच्या कॅसेटी आणि जात्यावरच्या ओव्या

शेतकऱ्याच्या घरी माळ्यावर बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, मोडके फण, जुने दोरखंड आणि एखादी पत्र्याची पेटी हमखास असते. त्या पेटीचे झाकण उघडले तर पुष्कळदा दहा-वीस कॅसेटी निघतात. काहींवर छापील चित्र असते. त्यांत हरिपाठ असतो, भीमगीते असतात, भारुडे असतात. काहींवर मात्र नुसतेच निळ्या शाईने लिहिलेले असते : ‘सप्ताह, काल्याचे कीर्तन’, ‘ताईचे लग्न’, ‘आबा’. वाचकहो, हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या कॅसेटींविषयी आहे.

छापील कॅसेट खराब झाली तर फारसे बिघडत नाही. प्रल्हाद शिंदे आणि वामनदादा कर्डक हे दोघेही २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली गेले, बाबामहाराज सातारकर २०२३ साली गेले. पण त्यांचे आवाज कंपन्यांच्या कपाटांत आहेत, इंटरनेटवर आहेत, कोणत्याही फोनवर दोन मिनिटांत ऐकायला मिळतात. ज्या कॅसेटीवर ‘आबा’ लिहिले आहे तिची मात्र जगात एकच प्रत आहे, आणि ती तुमच्या माळ्यावर पत्र्याच्या उन्हात तापते आहे. गावच्या गोंधळ्याने एका रात्री घातलेला गोंधळ, जयंतीला गावातल्याच शाहिराने म्हटलेली गाणी, आत्याने हळदीच्या दिवशी म्हटलेली गाणी, यांचीही गोष्ट तीच. फीत गेली की आवाज गेला.

सुदैवाने हे आवाज वाचवायला आज फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक चालू टेप, एक वायर, एक साधा संगणक आणि घरातले एक जिज्ञासू पोर एवढे पुरते. संगणक नसेल तर नुसत्या फोनवरही बरेच काम होते.

ऐकण्याच्या साधनांची गोष्ट

आपल्या भागाला ऐकण्याची सवय जुनी आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या ताब्यात पाच रेडिओ केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदे आणि औरंगाबाद. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या मानाने मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या मराठवाड्यात निजामाच्या काळीच केंद्र होते. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि तो गोठ्यात, मळ्यात, बैलगाडीच्या साट्यावर जाऊन बसला. त्या रेडिओला परवाना लागे आणि तो पोस्टात जाऊन दरवर्षी नवा करून आणावा लागे, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. १९८० च्या दशकाच्या मध्याला तो परवाना गेला.

कॅसेट ही हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढली. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने १९८० नंतर पसरली. रेडिओ आणि टेप एकत्र असलेला ‘टू-इन-वन’ लग्नात जावयाला देण्याची वस्तू झाली. रेडिओपेक्षा या यंत्राचा मोठा गुण असा की त्यात आपला स्वतःचा आवाज भरता येई. लाल बटण आणि त्याच्या शेजारचे बटण एकदम दाबले की कीर्तन टेप होई. शहरातून आलेले गाणे ऐकणारे गाव पहिल्यांदाच स्वतःचे ऐकू लागले. फार मोठी गोष्ट होती ही, पण त्या वेळी तिची कोणी नोंद केली नाही.

पुढचे सगळे भराभर झाले. जपानच्या सोनी कंपनीचा खिशातला वॉकमन १९७९ चा. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या तंत्रज्ञांनी आवाज लहान जागेत बसवण्याची रीत शोधली. तिलाच १९९५ पासून ‘एमपी-थ्री’ हे नाव चिकटले. २००१ साली अमेरिकेच्या ॲपल कंपनीने आयपॉड काढला, आणि २०२२ साली तो बंदही केला. २०१७ साली आपल्याकडच्या सारेगामा कंपनीने जुन्या रेडिओसारखा दिसणारा आणि पाच हजार गाणी पोटात असलेला ‘कारवाँ’ बाजारात आणला. पोरे शहरात नोकरीला लागली की गावी आई-वडिलांसाठी तो घेऊन येऊ लागली. आणि या सगळ्यांच्या खाली, आठवडी बाजारात पथारीवर मिळणारा, मेमरी कार्ड घालून वाजणारा चिपचा छोटा रेडिओ आहेच. खरे म्हणजे शेतकऱ्याचा वाजंत्री तोच.

फीत का मरते?

कॅसेटीतली फीत म्हणजे प्लॅस्टिकची एक अतिशय पातळ पट्टी. तिच्यावर लोखंडाच्या गंजासारखी बारीक भुकटी डिंकाने चिकटवलेली असते. आवाजाप्रमाणे त्या भुकटीत कमी-जास्त चुंबकत्व उतरते, आणि टेपचे हेड ते वाचते. उन्हाने पट्टी वाकते, ओलीने बुरशी चढते, डिंक सुटला की भुकटी झडते. लोहचुंबक जवळ आला तर आवाज पुसट होतो. कॅसेटीची पेटी मोठ्या स्पीकरला टेकवून ठेवू नये, ती याचसाठी.

जुनी कॅसेट हाती आली की ती लगेच टेपमध्ये घालून वाजवण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधी एवढे करा.

कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन छोट्या पाकळ्या असतात. त्या सुरीच्या टोकाने मोडून टाका. त्या नसल्या की टेपचे रेकॉर्डचे बटण दाबले जात नाही, आणि चुकूनही जुन्या आवाजावर नवे काही भरले जात नाही. किती घरांतले कीर्तन पोरांच्या आरडाओरड्याखाली गेले असेल, कोण जाणे.

मग खिडकीतून फीत पाहा. पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे काही दिसले तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट वाजवू नका, वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. फीत स्वच्छ असेल तर पेन्सिल घालून सैल फीत ताठ करा, आणि न वाजवता एकदा शेवटापर्यंत पुढे व पुन्हा मागे फिरवा. वर्षानुवर्षे एकावर एक चिकटलेले वेढे त्यामुळे मोकळे होतात. टेपचे हेड कापसाला थोडे सर्जिकल स्पिरिट लावून पुसा आणि पाच-दहा मिनिटे सुकू द्या. हेडवरची तपकिरी घाण निघाली की आवाज किती उजळतो, ते पाहण्यासारखे असते.

फीत आत अडकली असेल, किंवा फितीला मागून दाबून धरणारी नमद्याची छोटी गादी गळून पडली असेल, तरी हार मानू नये. कॅसेटीला पाच स्क्रू असतील तर ती उघडते, आणि आतली दोन्ही फिरकी फितीसकट उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटीच्या खोक्यात बसवता येतात. हे काम सावकाश, पंखा बंद करून, पांढऱ्या धोतरावर करावे. बारीक सुटे भाग हरवत नाहीत. स्वतःला जमणार नसेल तर तालुक्याच्या गावी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारपेठेत रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या कारागिराची चौकशी करा. असे हात आता थोडे उरले आहेत.

संगणकात उतरवणे

टेपला कानात घालायच्या बोंडांसाठी जे भोक असते, तिथून दोन्ही टोकांना सारखी पिन असलेली वायर संगणकाच्या आवाज घेण्याच्या भोकात जाते. नव्या लॅपटॉपला पुष्कळदा असे वेगळे भोक नसते. तेव्हा यूएसबीला लागणारे छोटे साउंड कार्ड घ्यावे. मोबाइलच्या दुकानात ते मिळते आणि फार महाग नसते.

संगणकात ‘ऑडॅसिटी’ नावाचा कार्यक्रम घालावा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघांनी तो सुरू केला आणि २००० साली सर्वांसाठी खुला केला. तो फुकट आहे, आणि फुकट असूनही खरोखर चांगला आहे. असा योग फार वेळा येत नाही. लाल बटण दाबायचे, टेप सुरू करायचा, बस. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागतो. साठ मिनिटांची असेल तर तीस मिनिटांनी बाजू पालटायची. तेवढ्या वेळात दळण निवडून होते.

पडद्यावर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या हलताना दिसतात. त्या मधूनमधून लाल होऊ लागल्या तर टेपचा आवाज कमी करा. आवाज कमी भरला गेला तर नंतर वाढवता येतो; पण फाटका भरला गेला तर तो शिवता येत नाही.

सू-सू असा जो आवाज येतो तो फितीचा स्वभाव आहे. ऑडॅसिटीत तो कमी करण्याची सोय आहे. जिथे कोणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा त्याला दाखवायचा, म्हणजे तो आवाज ओळखून सगळीकडून काढतो. पण हात आखडता ठेवा. फार साफसफाई केली की माणूस घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. मला विचाराल तर आबांच्या आवाजामागची सू-सू आणि दूर हंबरणारी गाय राहू द्यावी. तीही त्या दिवसाचीच आहे.

आता मुख्य गोष्ट. आवाज दोन प्रकारे जतन करता येतो. एकाला ‘वेव्ह’ म्हणतात, दुसऱ्याला एमपी-थ्री. वेव्हमध्ये आवाज जसाच्या तसा राहतो, पण जागा फार लागते : मिनिटाला साधारण १० एमबी. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटीला सुमारे ६०० एमबी. एमपी-थ्री मात्र उफणणी करते. माणसाच्या कानाला एका मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज ऐकू येत नाही. एमपी-थ्री असे न ऐकू येणारे वाऱ्यावर सोडून देते. १२८ च्या दर्जाची एमपी-थ्री केली तर मिनिटाला जवळजवळ १ एमबी लागतो. पण उफणताना भुशाबरोबर थोडा दाणाही जातो, आणि गेलेला परत येत नाही. म्हणून बियाणे वेगळे आणि खायचे वेगळे ठेवावे. वेव्ह हे बियाणे; ते जपून ठेवा, त्यात काटछाट करू नका. एमपी-थ्री हे खाण्याचे. ते वाटा, वाजवा, पुन्हा पुन्हा करा.

संगणक मिळतच नसेल तर? टेप खोलीत ठेवा, दारे लावा, फोन ‘विमान’ खुणेवर टाका म्हणजे मध्येच कोणाचा कॉल येणार नाही, आणि टेपच्या स्पीकरसमोर हातभर अंतरावर फोन ठेवून त्याच्या रेकॉर्डरवर आवाज भरा. वायरने घेतलेल्या आवाजाची सर याला नाही. पण कॅसेट मरून जाण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे.

चिपचा रेडिओ

उतरवलेला आवाज ऐकायचा कसा? फोन आहेच. पण फोनवर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा हात बसत नाही, आणि दर पाच मिनिटांनी कोणाचा तरी कॉल येतो. मळ्यात रेंज नसते, आणि रोजचा डेटा पोरांनी सकाळीच संपवलेला असतो. रात्रीच्या पाळीला थ्री-फेज लाइट आली की गव्हाला पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला सोबत हवी असते ती नेट न लागणारी. तिथे चिपचा रेडिओच खरा.

हिशेब करा. ३२ जीबीचे एक कार्ड म्हणजे एमपी-थ्रीत साठ मिनिटांच्या सुमारे पाचशे कॅसेटी. म्हणजे एवढ्या घरात नव्हत्या, गावातही क्वचित असतील, त्या नखाएवढ्या तुकड्यात बसतात.

मात्र या रेडिओच्या काही खोडी आहेत. त्या माहीत नसल्या की माणूस दुकानदाराशी भांडतो. बहुतेक स्वस्त रेडिओंना ३२ जीबीपर्यंतचेच कार्ड कळते. ६४ जीबीचे कार्ड वेगळ्या पद्धतीने आखलेले असते, ते घातले की रेडिओ गप्प बसतो. दुसरी खोड अशी की त्यांना एमपी-थ्री कळते, पण फोनच्या रेकॉर्डरने केलेली फाइल पुष्कळदा कळत नाही, आणि व्हॉट्सॲपवर आलेला बोललेला निरोप तर नाहीच. अशा फाइली आधी संगणकावर एमपी-थ्री करून घ्याव्यात. आणि गाणी ज्या क्रमाने कार्डावर चढवली त्याच क्रमाने ती पुष्कळदा वाजतात. तेव्हा हरिपाठ पहिला हवा असेल तर तो पहिला चढवा. ज्या रेडिओला नावाची पाटी असते त्यालाही पुष्कळदा मराठी अक्षरे येत नाहीत, चौकोन दिसतात. म्हणून फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवले तर बरे.

गाण्यांच्या ॲपवर ‘डाउनलोड’ केलेली गाणी कार्डावर टाकून रेडिओत वाजतील अशी पुष्कळांची समजूत असते. ती गाणी त्या ॲपच्या कुलपातच राहतात. वर्गणी संपली की कुलूप घट्ट. आणि बाजारात थोड्या पैशांत हजार गाणी ‘भरून’ देणारे जे दुकान असते, ते दुसऱ्याच्या रानातले हरभरे विकत असते. १९५७ च्या कायद्याने गाण्याच्या रेकॉर्डवर ती काढणाऱ्याचा साठ वर्षे हक्क असतो. आपल्या घरच्या आवाजांना ही अडचण नाही.

बॅटरीविषयी एक सूचना. पुष्कळ छोट्या रेडिओंत जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी बॅटरी चालते, त्यामुळे ती कुठेही मिळते. पण बॅटरी फुगलेली दिसली की तिचा मोह सोडा. चार्जिंगला लावलेला रेडिओ गोधडीवर किंवा उन्हात ठेवू नये.

आणि कानातल्या बोंडांविषयीही. ट्रॅक्टरवर, मळणी यंत्राजवळ, रस्त्याच्या कडेने जाताना बोंडे कानात नकोत. यंत्राचा बदललेला आवाज आणि मागून मारलेली हाक, दोन्ही जीव वाचवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. डेसिबल मोजायला आपल्याकडे काही नसते. म्हणून आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये, हा सोपा हिशेब.

जे अजून कोणत्याच फितीवर नाही

इथवर कॅसेटींचे झाले. पण घरातला सर्वांत मोलाचा आवाज पुष्कळदा कोणत्याच कॅसेटीवर नसतो. टेप होता तो पुरुषांच्या ताब्यात. त्याने कीर्तन भरले, भजन भरले, भाषण भरले. पहाटे जात्याचा खुंटा धरून आई काय म्हणते, ते भरावे असे फार थोड्यांना सुचले.

ज्यांना सुचले त्यांच्यापैकी दोन नावे घ्यायलाच हवीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच होऊन गेलेले गी पॉइतवाँ. या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या गावोगाव हिंडून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बाया, आणि एक लाखाच्या वर ओव्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे गृहस्थ त्यांना मिळाले आणि १९९० च्या दशकात प्रत्यक्ष आवाजही डिजिटल फितीवर उतरू लागले. १९९६ साली ही मंडळी आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात आली होती. तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर, बुद्धावर, आपल्या कष्टांवर ओव्या म्हटल्या. त्या आवाजांत कोठे ताल चुकतो, कोणी मध्येच हसते. म्हणूनच ते ऐकावेसे वाटते.

पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली गेल्या. पण काम थांबले नाही. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून या ओव्या आवाजासकट लोकांपुढे ठेवल्या. फोनवर ‘पारी जात्यावरच्या ओव्या’ एवढे शोधले तरी त्या सापडतात, आणि ऐकायला पैसे पडत नाहीत. आपल्याच विद्यापीठात शिकवलेले डॉ. प्रभाकर मांडे यांनीही लोकसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घातले, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण लाख ओव्या गोळा झाल्या म्हणजे तुमच्या घरातली ओवी गोळा झाली असे होत नाही. ओवीत भावाचे नाव असते, माहेरच्या गावाचे, तिथल्या नदीचे, मारुतीच्या पाराचे नाव असते. ही नावे दुसरीकडे कोठे मिळणार?

गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले, याला बहुतेक ठिकाणी पन्नास वर्षे होत आली. म्हणजे ज्यांनी रोज पहाटे पायलीभर दळले त्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकण्यासारखे नाही, ते यासाठी.

आता कसे करावे ते. कोणी तिला आजी म्हणते, कोणी मोठी माय. तिच्यापुढे फोन धरून ‘आजी, गाणं म्हण ना’ असे म्हटले तर ती पदर तोंडाला लावून ‘मला काय येतंय बाई, सारं विसरले’ म्हणेल, आणि तुम्ही फोन खिशात घालाल. तसे करू नका. तिच्या हाताला काम द्या. जाते असेल तर ते स्वच्छ करून दोन ओंजळी ज्वारी द्या. ओवी गळ्यातून येते त्याच्या आधी ती खांद्यातून येते. खुंटा फिरू लागला की विसरलेले आठवते. जाते नसेल तर सूप द्या, वाकळ शिवायला द्या. शक्य असेल तर शेजारची तिच्या वयाची बाई बोलावून समोर बसवा. एकीने पहिली ओळ म्हटली की दुसरीला पुढची आपोआप येते, आणि मग तुम्हाला काहीही करावे लागत नाही.

‘नदीवरची ओवी म्हण’ असे न म्हणता ‘तुझ्या माहेरी नदी होती का गं?’ असे विचारा. नातसुनेने विचारले तर वेगळ्या ओव्या येतात, नातवाने विचारले तर वेगळ्या. सासुरवासाच्या ओव्या ती मुलासमोर बहुधा म्हणणार नाही. तेव्हा घरातल्या पुरुषांनी त्या तासाला मळ्यात जावे हे उत्तम.

फोन जात्यावर किंवा जमिनीवर ठेवू नये. घरघर त्यात शिरते. घडी घातलेल्या टॉवेलवर, तिच्या तोंडापासून हात-दीड हात अंतरावर, थोडा बाजूला ठेवावा. पंखा बंद, टीव्ही बंद, फोन विमान खुणेवर. एकदा जात्यासकट भरा आणि मग दळण थांबवून त्याच ओव्या पुन्हा नुसत्या म्हणायला सांगा, म्हणजे शब्द स्वच्छ मिळतील. मध्ये ती बोलली, रडली, नातवाला ओरडली तर बंद करू नका.

भरून झाल्यावर तिला तिचाच आवाज ऐकवा. पुष्कळ म्हाताऱ्या बायांनी आयुष्यात स्वतःचा आवाज बाहेरून ऐकलेला नसतो. त्यानंतर ती आणखी दहा ओव्या सांगेल.

आणि तिला विचारल्याशिवाय हा आवाज गावच्या गटावर टाकू नका. गाणाऱ्याचा आपल्या गाण्यावर हक्क असतो, हे कायदाही मानतो. पण कायद्याहून मोठी गोष्ट अशी की ओवीत सासूचे नाव असते, जावेचे असते, कधी मेलेल्या मुलाचे असते. काही ओव्या घरातच राहाव्यात असे तिला वाटेल. त्या घरातच राहू द्या. मुंबई-पुण्याच्या लेकीला पाठवायच्या असतील तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते.

फोन पाण्यात पडतो, कार्ड एक दिवस अचानक कोरे होते, संगणक बिघडतो. म्हणून तीन प्रती कराव्यात : एक घरच्या संगणकात किंवा पेन ड्राइव्हवर, एक वेगळ्या कार्डावर आणि एक लेकीच्या सासरी. घराला आग लागली, पुरात पाणी शिरले, तरी तिसरी वाचते. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रे पुसताना म्हणा, तिन्ही प्रती उघडून वाजतात का ते पाहावे. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात नुसता पडून राहिला तर त्यावरही भरवसा नाही.

शेवटी एक साधी वही करा. फाइलच्या नावाशेजारी तारीख, गाव, गाणारीचे नाव, तिचे माहेर, तेव्हाचे वय, आणि ओवीत आलेली नावे कोणाची ते लिहा : ‘म्हादू म्हणजे तिचा धाकटा भाऊ, लहानपणी गेला.’ जुन्या कॅसेटींचीही अशीच नोंद करा, आणि ज्या कॅसेटीवर काहीच लिहिलेले नाही ती घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आधी ऐकवा. आवाज कोणाचा, ते सांगणारे तेच.